महाराष्ट्रातील बालदारिद्र्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आरोग्य, शिक्षण आणि राहणीमानातले अभाव मोजणाऱ्या नीती आयोगाच्या राष्ट्रीय बहुआयामी दारिद्र्य निर्देशांकानुसार महाराष्ट्रातील गरिबांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये १४.८० टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ७.८१ टक्क्यांवर आले. ज्या दोन राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणांवरून हे आकडे काढले, त्याच सर्वेक्षणांनुसार राज्यातील पाच वर्षांखालील कमी वजनाच्या बालकांचे प्रमाण ३६.० टक्क्यांवरून ३६.१ टक्के झाले, म्हणजे ते जागचे हलले नाही. पुढील बहुतेक प्रश्न, शब्द निराळे असले तरी, या दोन ओळींमधल्या विसंगतीबद्दलचे आहेत.

गरीब घरातले मूल ते गरीब मूल, इतकी ही व्याख्या सोपी नाही का?

अर्धी तितकीच सोपी आहे. मुलाला स्वतःची कमाई नसते, म्हणून घराचा एकूण खर्च माणसांच्या संख्येने भागायचा आणि आलेला आकडा दारिद्र्यरेषेच्या खाली असेल तर घरातली सगळी माणसे, मुलांसह, गरीब धरायची, ही जुनी रीत आहे. तिच्यात गृहीत धरलेले असते की घरात आलेले अन्न, पैसा आणि वेळ सर्वांच्या वाट्याला सारखा येतो. ज्या घरात आई पहाटे रोजंदारीवर जाते आणि दीड वर्षांचे मूल दिवसभर सात वर्षांच्या बहिणीच्या कडेवर असते, त्या घरात डब्यात धान्य असूनही मुलाच्या पोटात काय जाते हे माणशी सरासरीने कळत नाही.

दुसरा फरक वयाचा आहे. धडधाकट माणूस दुष्काळाचे एक वर्ष अर्धपोटी काढून पुढच्या सुगीत सावरतो. गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचे साधारण एक हजार दिवस ज्याचे अर्धपोटी गेले, त्या मुलाची हाडे आणि मेंदू पुढच्या सुगीची वाट पाहत थांबत नाहीत. म्हणून बालदारिद्र्य मोजताना घरात पैसा किती आहे याबरोबरच पोषण, लसीकरण, पाणी, शौचालय, शाळा आणि निवारा यांपैकी त्या मुलाला स्वतःला काय मिळत नाही, हे वेगळे पाहावे लागते.

मुलांमधील दारिद्र्याचा दर प्रौढांपेक्षा जास्त का असतो?

गरीब घरांत मुलांची संख्या तुलनेने जास्त असते आणि खाणारी तोंडे वाढली तरी कमावते हात तितकेच राहतात. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम आणि ऑक्सफर्ड विद्यापीठातील संशोधकांच्या २०२२ च्या जागतिक बहुआयामी दारिद्र्य निर्देशांकानुसार भारतातील १८ वर्षांखालील २१.८ टक्के मुले गरीब होती, तर प्रौढांमध्ये हे प्रमाण १३.९ टक्के होते. गरीब मुलांची संख्या सुमारे ९ कोटी ७० लाख भरते आणि ती त्या निर्देशांकातील कोणत्याही देशापेक्षा अधिक आहे. हाच निर्देशांक असेही सांगतो की २००५-०६ ते २०१९-२१ या काळात भारतातील सुमारे ४१ कोटी ५० लाख लोक दारिद्र्यातून बाहेर आले. दोन्ही आकडे खरे आहेत, पण भाषणांत बहुधा त्यांतला एकच ऐकू येतो.

महाराष्ट्राचा नेमका दर कोणता मानावा? प्रत्येक ठिकाणी वेगळाच आकडा दिसतो.

आकडे वेगळे दिसतात कारण मोजपट्ट्या वेगळ्या आहेत. १९७१ मध्ये पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी माणशी रोज २,२५० कॅलरी पुरवू शकेल इतका खर्च ही कसोटी घेऊन देशातील गरिबी मोजली आणि दारिद्र्यरेषेची चर्चा अर्थतज्ज्ञांच्या वर्तुळाबाहेर नेली. पुढे सुरेश तेंडुलकर समितीने २००९ मध्ये खर्चाची कसोटी बदलली. तिच्यानुसार २०११-१२ साठी महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात माणशी महिना ९६७ रुपये आणि शहरी भागात १,१२६ रुपये ही रेषा ठरली आणि राज्यातील १७.३५ टक्के लोक तिच्याखाली आले: खेड्यांत २४.२२ टक्के, शहरांत ९.१२ टक्के. ग्रामीण रेषेचा अर्थ दिवसाला सुमारे ३२ रुपये असा होतो. त्यात धान्य, तेल, औषध, एसटीचे भाडे आणि मुलाची वही सगळे बसवायचे होते, म्हणून त्या रेषेवर तेव्हा टीका झाली आणि ती रास्तच होती.

बहुआयामी निर्देशांकात रुपये मोजत नाहीत, अभाव मोजतात, आणि तिथे महाराष्ट्राचा आकडा ७.८१ टक्के आहे. जागतिक बँकेच्या डॉलरमधल्या रेषा यांहून वेगळ्या. एका मोजपट्टीचा २०११ चा आकडा दुसऱ्या मोजपट्टीच्या २०२१ च्या आकड्याशेजारी ठेवून ‘गरिबी इतकी घटली’ असे म्हणणे ही शुद्ध गल्लत आहे.

मुलांपुरते बोलायचे तर प्रस्तुत लेखकाच्या मते यांपैकी एकही दर पुरेसा नाही, कारण या सर्वांत मोजणीचे एकक घर आहे. मुलाच्या शरीरावर घेतलेले माप अधिक बोलके असते. पाचव्या (२०१९-२१ च्या) राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले खुजी, २५.६ टक्के कृश (एकूण मुलांपैकी १०.९ टक्के अतिकृश) आणि ३६.१ टक्के कमी वजनाची होती. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांमध्ये रक्तक्षयाचे प्रमाण आधीच्या फेरीत ५३.८ टक्के होते, ते ६८.९ टक्के झाले. महाराष्ट्रातील ही पाहणी २०१९ च्या उत्तरार्धात झाली होती, त्यामुळे हे आकडे कोविडच्या माथी मारता येत नाहीत.

खुजेपणा, कृशता आणि कमी वजन यांत फरक काय?

खुजेपणा म्हणजे वयाच्या मानाने उंची कमी. तो जुन्या, साचत गेलेल्या अभावाची खूण आहे. कृशता म्हणजे उंचीच्या मानाने वजन कमी. ती अलीकडच्या उपासमारीची किंवा आजारपणाची खूण असते आणि तीव्र असेल तर जिवावर बेतते. कमी वजन म्हणजे वयाच्या मानाने वजन कमी, आणि त्यात दोन्हींची सरमिसळ असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकांनुसार दोन वर्षांच्या मुलाची मध्यक उंची सुमारे ८७ सेंटिमीटर असते आणि ८१ च्या खाली गेल्यास तो खुजा गणला जातो. सहा सेंटिमीटरचा हा फरक डोळ्यांना दिसत नाही. पाड्यावर सगळीच मुले तशी असतील तर मुळीच दिसत नाही, आणि ‘आमच्यात मुलं अशीच बारीक असतात’ हे वाक्य आई-आजीकडून आणि कधीकधी कर्मचाऱ्यांकडूनही ऐकायला मिळते.

कुपोषित मूल असलेले घर ‘गरीब नाही’ असे कसे ठरू शकते?

हे समजून घेण्यासाठी निर्देशांकाचे गणित एकदा हाताने करून पाहावे. आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान या तीन बाजूंना प्रत्येकी एक तृतीयांश वजन आहे. आरोग्यात पोषणाला एक षष्ठांश, म्हणजे १६.६७ टक्के, बालमृत्यू आणि मातेची प्रसूतिपूर्व काळजी यांना प्रत्येकी त्याच्या निम्मे. शिक्षणात घरातील कोणी सहा वर्षे तरी शिकले आहे का आणि शाळेच्या वयाची मुले शाळेत जातात का, यांना प्रत्येकी एक षष्ठांश. राहणीमानात स्वयंपाकाचे इंधन, शौचालय, पिण्याचे पाणी, वीज, घर, मालमत्ता आणि बँक खाते असे सात निकष आहेत आणि प्रत्येकाच्या वाट्याला ४.७६ टक्के येतात. अभावांची बेरीज ३३.३३ टक्के झाली तरच घर गरीब.

आता एक घर धरू. मूल कुपोषित आहे: १६.६७. स्वयंपाक चुलीवर, लाकडावर होतो: आणखी ४.७६. शौचालय नाही: ४.७६. घर कुडाचे आहे: ४.७६. बेरीज ३०.९५ होते आणि हे घर गरिबांच्या यादीत बसत नाही. याच घरात कोणाचेही बँक खाते नसते, तर बेरीज ३५.७१ झाली असती आणि ते गरीब ठरले असते. म्हणजे ज्या दिवशी जनधन खाते उघडले त्या दिवशी हे कुटुंब कागदावर दारिद्र्याबाहेर आले. मुलाच्या वजनात मात्र त्याने एका ग्रॅमचीही भर पडली नाही.

याचा अर्थ निर्देशांक खोटा आहे असा नाही. वीज, गॅस आणि शौचालय ही खरी प्रगती आहे, आणि चुलीचा धूर व उघड्यावरची घाण यांचा मुलांच्या खोकल्या-जुलाबाशी थेट संबंध आहे. पण ज्या वस्तू सरकार एका दमात घरोघर पोहोचवू शकते त्यांचे निकष लवकर सुधारतात. शरीर घडायला दोन पिढ्यांचे खाणेपिणे लागते, आणि ते निकष मागे राहतात.

तरीही महाराष्ट्रासारख्या श्रीमंत राज्यात हे व्हावे याचे आश्चर्य वाटत नाही का?

वाटायलाच हवे. ओडिशाशी तुलना केली की ते अधिकच वाटते. २०१९-२१ च्या आकड्यांनुसार ओडिशातील बहुआयामी गरिबांचे प्रमाण १५.६८ टक्के, म्हणजे महाराष्ट्राच्या दुप्पट होते. तिथे कमी वजनाची मुले मात्र २९.७ टक्के आणि कृश मुले १८.१ टक्के होती, म्हणजे दोन्ही बाबतींत महाराष्ट्रापेक्षा कमी. तेव्हा ‘राज्य श्रीमंत झाले की मुले आपोआप धष्टपुष्ट होतील’ हा समज या एका तुलनेतच गळून पडतो.

कारणे एकात एक गुंतलेली आहेत. पहिले कारण आई. पाचव्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता, २०.८ टक्के स्त्रियांचे वजन उंचीच्या मानाने कमी होते, आणि २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले होते. ज्या मुलीचे स्वतःचे अंग अजून भरायचे आहे तिच्या पोटी वाढणारे बाळ कमी वजनाचे जन्मते. मुलांचे वजन जागेवर का राहिले याचे उत्तर शोधायचे तर सुरुवात मुलापासून नव्हे, त्याच्या आईच्या वयापासून करावी लागते.

दुसरे कारण ताट. सहा महिने पूर्ण झाल्यावर बाळाला घट्ट, तेल-तूप घातलेला, दिवसातून अनेकदा भरवायचा आहार हवा असतो. प्रत्यक्षात अनेक घरांत त्याला वरणाचे वरचे पाणी आणि भाताची पेज मिळते, कारण घट्ट खाणे बाधेल अशी समजूत असते. डाळ तळाशी राहते आणि बाळाच्या वाटीत पिवळे पाणी येते. त्यानंतर पाच रुपयांचा बिस्किटपुडा येतो. तो मुलाला गप्प बसवतो आणि त्याची भूक मारतो. हा अडाणीपणा म्हणून सोडून देण्यासारखा मामला नाही. दिवसातून पाच वेळा भरवायला घरात कोणीतरी मोकळे असावे लागते, आणि रोजंदारीवर जगणाऱ्या घरात मोकळे माणूस ही चैन आहे.

तिसरे कारण कामाच्या शोधात होणारे स्थलांतर. त्याचे उत्तर पुढे सविस्तर दिले आहे.

राज्यात हा प्रश्न सर्वांत तीव्र कुठे आहे?

नंदुरबार जिल्ह्यात. २०१५-१६ च्या आकड्यांवर आधारलेल्या निर्देशांकात या जिल्ह्यातील निम्म्याहून अधिक लोक गरीब होते. पुढील फेरीत हे प्रमाण सुमारे एक तृतीयांशावर आले, तरी जिल्हा राज्यात तळाशीच राहिला आणि तिथली निम्म्याहून अधिक लहान मुले कमी वजनाची होती. अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतील सातपुड्याचे पाडे, नर्मदेच्या फुगवट्याकाठची बोटीनेच पोहोचता येणारी वस्ती आणि पावसाळ्यात तुटणारे रस्ते हे सगळे या आकड्यामागे आहे. त्याखालोखाल अमरावती जिल्ह्यातील धारणी आणि चिखलदरा हे मेळघाटचे तालुके, पालघरचे जव्हार आणि मोखाडा, आणि गडचिरोलीचा दक्षिण भाग. भिल्ल, पावरा, कोरकू, वारली, कातकरी आणि माडिया समाजांची ही वस्ती आहे, आणि जिथे आदिवासी बहुसंख्य तिथे आकडे वाईट, हा योगायोग नाही.

जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीचे बालमृत्यू १९९२ मध्ये उजेडात आले आणि मेळघाटचे त्यानंतर वर्षभरात. तेव्हापासून मंत्र्यांचे दौरे, उच्च न्यायालयातील याचिका आणि समित्यांचे अहवाल यांची रांग लागली आहे. जव्हार मुंबईपासून दीडशे किलोमीटरच्या आत आहे. अंतर हे दुर्लक्षाचे कारण सांगणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे.

शहरांत बालदारिद्र्य नाही का?

आहे, पण ते जिल्ह्याच्या सरासरीत बुडते. मुंबईतील देवनारच्या कचराभूमीभोवतीचा गोवंडी-मानखुर्द पट्टा ज्या एम-पूर्व प्रभागात येतो, त्याचा २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात सर्व प्रभागांत शेवटचा क्रमांक होता. अशा वस्त्यांत दवाखाना पायी अंतरावर असतो, पण पाणी विकत घ्यावे लागते आणि आईला कामाच्या बारा तासांत मूल ठेवायला जागा नसते.

ऊसतोड कामगारांच्या मुलांचा उल्लेख या विषयात वारंवार का येतो?

कारण ही मुले मोजणीतूनच निसटतात. बीड, पाथर्डी, जालना, परभणी या भागांतून दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. मुकादम पावसाळ्यातच उचल देतो, आणि ती फिटेपर्यंत काम सोडता येत नाही. नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. या हिशोबात एकट्या माणसाला जागा नाही, म्हणून सासरी येणारी सून ही नवा कोयताही असते. बीड जिल्ह्यात अठराच्या आत लग्न झालेल्या तरुण स्त्रियांचे प्रमाण पाचव्या सर्वेक्षणात चाळीस टक्क्यांहून अधिक होते, त्यामागच्या कारणांत हे एक मोठे कारण आहे.

फडाजवळ बांबू-चटईच्या कोप्या उभ्या राहतात. पहाटे अंधारात तोड सुरू होते. तान्हे बांधावर झोळीत किंवा पाचटावर अंथरलेल्या गोधडीवर असते आणि त्याच्याजवळ आठ-नऊ वर्षांची बहीण बसलेली असते. तिचे नाव गावच्या शाळेच्या हजेरीपटावर असते. तान्ह्याचे नाव गावच्या अंगणवाडीत असते. दोघेही गावात नसतात, आणि कारखान्याच्या परिसरातील अंगणवाडीला ते ‘आपले’ लाभार्थी वाटत नाहीत. म्हणजे वाढीच्या दृष्टीने अत्यंत मोलाच्या पाच-सहा महिन्यांत त्यांचे वजन कोणी घेत नाही. घरांच्या यादीवरून होणाऱ्या पाहण्यांतही अशा तात्पुरत्या कोप्या क्वचितच सापडतात.

साखरशाळा (कारखान्याच्या परिसरात हंगामापुरत्या चालणाऱ्या शाळा), गावात राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे आणि मूल जिथे जाईल तिथल्या शाळेत सामावून घेण्यासाठी शिक्षण हमी कार्ड असे उपाय झाले आहेत. हंगामी वसतिगृहांमुळे मोठी मुले गावात राहू शकतात. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी मात्र तसा पर्याय नाही, कारण त्यांना आईपासून तोडता येत नाही. वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबांची आणि गुजरातेत तोडीला जाणाऱ्या नंदुरबारच्या कुटुंबांची कहाणी थोड्याफार फरकाने हीच आहे.

लहानपणी थोडे कमी खायला मिळाले तर पुढे एवढा काय फरक पडतो?

या प्रश्नावर जगभर मान्यता मिळालेले काम पुण्याजवळ झाले आहे. के.ई.एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील स्त्रिया आणि त्यांची बाळे यांचा पाठपुरावा केला. या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो भरले. तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. पण फरक नुसत्या किलोचा नव्हता. पुण्याकडच्या बाळांचे स्नायू आणि पोटातील अवयव लहान होते, त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. दिसायला बारीक, आतून चरबीयुक्त अशी ही ठेवण पुढे मधुमेह आणि हृदयविकार यांकडे नेऊ शकते. म्हणजे आज कुपोषणावर न झालेला खर्च चाळीस वर्षांनी मधुमेहाच्या गोळ्यांवर होतो, फक्त तो दुसऱ्या खात्यात दिसतो.

शाळेतला परिणाम लवकर दिसतो. रक्तक्षय झालेले मूल वर्गात पेंगते, मागे पडते, आणि मागे पडलेल्या मुलाला कामाला लावण्याचा निर्णय घरात सोपा होतो. मुलगी असेल तर तिच्या लग्नाचा. तिचे बाळ पुन्हा अडीच किलोच्या आत. बालदारिद्र्याच्या दराला महत्त्व आहे ते या साखळीमुळे: तो आजच्या गरिबीचा आकडा आहे आणि त्याचबरोबर वीस वर्षांनंतरच्या गरिबीचा अंदाजही.

गरिबांनी मुले कमी जन्माला घातली तर प्रश्न सुटणार नाही का?

महाराष्ट्राचा एकूण जननदर (एका स्त्रीमागे सरासरी मुले) १.७ वर आला आहे, म्हणजे लोकसंख्या स्थिर राहण्यासाठी लागणाऱ्या २.१ पेक्षाही कमी. मुले कमी झाली, त्यांचे वजन वाढले नाही. शिवाय जन्माला आलेल्या मुलाला त्याच्या भावंडांच्या संख्येची शिक्षा देण्यात कसला न्याय आहे, हे हा प्रश्न विचारणाऱ्यांनीच सांगावे.

आजवर काही यशस्वी झाले आहे का, की सगळेच पाण्यात?

झाले आहे. २००५ मध्ये राज्याने राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू केले. रिक्त पदे भरणे, प्रत्येक मुलाचे नियमित वजन, पहिल्या हजार दिवसांवर भर, आणि आरोग्य व महिला-बालविकास या दोन खात्यांना एका टेबलावर बसवणे, असे त्याचे साधे सूत्र होते. दोन वर्षांखालील खुज्या मुलांचे प्रमाण २००५-०६ मध्ये ३९ टक्के होते. २०१२ च्या राज्यव्यापी पोषण पाहणीत ते सुमारे २३ ते २४ टक्क्यांवर आले. इतक्या थोड्या वर्षांत एवढी घट क्वचितच होते. पाच वर्षांखालील मुलांचा आकडाही ४६.३ वरून २०१५-१६ मध्ये ३४.४ टक्क्यांवर उतरला. त्यानंतर घसरण थांबली. वेग का मंदावला याचे एकमताचे उत्तर नाही. मिशनच्या मागे सुरुवातीला जी प्रशासकीय ताकद उभी होती ती पुढे राहिली नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

दुसरे उदाहरण गडचिरोलीचे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घेण्याचे शिक्षण दिले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथील नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाला, आणि ही पद्धत पुढे ‘आशा’ कार्यकर्तींमार्फत देशभर स्वीकारली गेली. राज्याचा अर्भक मृत्युदर (वर्षाच्या आत दगावणारी बाळे) २०२० मध्ये हजार जन्मांमागे १६ होता, देशाचा २८. मुले जगवणे महाराष्ट्राला जमू लागले आहे, पण जगलेल्या मुलांची वाढ अजून त्याच्या हाती लागलेली नाही.

इतक्या योजना असताना लाभ पोहोचत का नाही?

अंगणवाडी १९७५ पासून आहे. शालेय पोषण आहार, रेशनवरचे मोफत धान्य आणि आदिवासी भागात गरोदर व स्तनदा मातांना रोज एक वेळचा चौरस आहार देणारी, लहान मुलांना अंडी-केळी देणारी २०१५ ची ए.पी.जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आहे. पालक गमावलेल्या वा त्यांना सांभाळता न येणाऱ्या मुलांसाठी बालसंगोपन योजनेत महिना २,२५० रुपये मिळतात. पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेवरील कुटुंबांत १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलीला ‘लेक लाडकी’तून टप्प्याटप्प्याने एक लाख एक हजार रुपये मिळायचे आहेत, त्यातले ७५ हजार अठराव्या वर्षी.

अडते ते कागदाशी. जन्मदाखला नाही म्हणून आधार नाही, आधार नाही म्हणून शिधापत्रिकेवर नाव नाही, आणि नाव नाही म्हणून माणशी पाच किलो धान्यातले त्या मुलाचे पाच किलो नाही. ‘लेक लाडकी’च्या एक लाख एक हजारातले पहिले पाच हजार जन्मावेळी आणि पुढचे सहा हजार पहिलीत, मधली सहा वर्षे, म्हणजे शरीर घडण्याचा सगळा काळ, कोरा. पैसे कुठल्या वयात द्यावेत याचा विचार पुन्हा व्हायला हवा.

सरकारी नोंदी आणि पाहण्या यांचे आकडे जुळत का नाहीत?

अंगणवाडीच्या नोंदींत कुपोषित मुलांचे प्रमाण कुटुंब आरोग्य सर्वेक्षणापेक्षा बरेच कमी दिसते. काही फरक पद्धतीचा आहे: नोंदीत येतात ती केंद्रात आलेली मुले, पाहणीत घरातली सगळी. काही फरक घाईचा आहे. सेविकेला वजनकाटा, उंचीची पट्टी, मोबाइलवर नोंदी भरायचा पोषण ट्रॅकर आणि स्वयंपाक एकाच सकाळी सांभाळायचा असतो, आणि रडणाऱ्या मुलाची उंची एकटीने घेतली तर दोन सेंटिमीटर इकडेतिकडे होतातच. उरलेल्या फरकाबद्दल स्पष्ट बोलावे: तीव्र कुपोषित बालक सापडले की सेविकेला खुलासा द्यावा लागतो, न सापडले तर कोणी काही विचारत नाही. ज्या व्यवस्थेत रोग शोधणाऱ्यालाच जाब विचारला जातो, तिथे रोग कमी सापडतो.

आपल्या गावातली स्थिती पाहायची असेल तर काय विचारावे?

ग्रामसभेत किंवा थेट अंगणवाडीत, सेविकाताईंना आरोपीच्या पिंजऱ्यात न उभे करता, चार गोष्टी विचाराव्यात. नोंदणी झालेल्या मुलांपैकी या महिन्यात किती जणांचे वजन आणि उंची दोन्ही घेतली? दंडाच्या घेराची पट्टी वापरली जाते का? सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषित समजून त्याला ग्राम बालविकास केंद्रात आणि भूक मंदावली असेल किंवा अंगावर सूज असेल तर पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवायचे असते. गेल्या महिन्यात असे मूल सापडले असल्यास ते आज कुठे आहे? आणि बालविवाहाची कुणकुण लागली तर ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहे आणि १०९८ या क्रमांकावर मुलांसाठी मदत मिळते, हे गावात किती जणांना ठाऊक आहे?

त्याखेरीज नोंदवहीतील शेऱ्याचा रकाना पाहावा. दिवाळीनंतरच्या महिन्यांत ज्या नावांपुढे ‘स्थलांतरित’ असे लिहिलेले असते, त्या मुलांची वेगळी यादी मागावी, आणि ती कोणत्या कारखान्याच्या हद्दीत गेली आहेत हे त्यांच्या आजी-आजोबांना विचारून यादीत लिहायला लावावे.